चिंचेनं घासलेली बंदूक

माझं अक्षर पहिल्यापासून वेडंवाकडं. चौथीत गुरुजी म्हणायचे, मंदाच्या ओळी म्हणजे संध्याकाळी सुटलेल्या शेळ्या, प्रत्येक आपापल्या वाटेनं. ऱ्हस्वदीर्घ तर मला कधीच जमलं नाही, आणि चाळिशी उलटून गेल्यावर आता काय जमणार, तेव्हा चुका पोटात घालाव्यात. कुणी घालाव्यात तेही मला माहीत नाही म्हणा, कारण हे कागद कुणाला दाखवायचे म्हणून मी लिहीत नाही. माझ्या मुलीला मराठी समजतं, पण ती उत्तर जर्मनमधूनच देते, आणि वाचायचं म्हटलं तर माझं हे अक्षर तिच्या बापालाही लागत नाही. तरी बंदुकीची गोष्ट आठवली की मी एकटीच हसते. एकटीनं हसण्यापेक्षा लिहून ठेवलेलं बरं.

लग्न झालं तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. हे न्युरेम्बर्गमध्ये एका भारतीय हॉटेलात स्वयंपाकी होते. मला इकडे आणलं आणि हेर्त्सोगेनआउराखच्या जवळच्या एका खेड्यात आम्ही राहायला लागलो, कारण तिथं भाडं कमी होतं. घर फ्राउ लेडरर यांचं. त्या खाली राहायच्या, आम्ही वर, उतरत्या छपराच्या दोन खोल्यांत. हे उंच, त्यामुळे पहिलं वर्षभर सकाळ झाली की आधी छपराला डोकं आपटल्याचा आवाज यायचा आणि मग खालून फ्राउ लेडरर ओरडायच्या, "गुटन मॉर्गन, राघू!" बाई सत्तरीच्या पुढच्या, विधवा, मूलबाळ नाही. जिना लाकडी होता, त्याची मधली पायरी करकरायची, त्यामुळे कोण वर आलं, कोण खाली गेलं ते दोन्ही घरांना कळायचं. चर्चची घंटा पाव-पाव तासाला उगाच आठवण करून द्यायची. रविवारी खालून बटाट्याच्या गोळ्यांचा आणि भाजल्या मांसाचा वास यायचा, वरून आमच्या फोडणीचा खाली जायचा, आणि दोन्ही वास त्या जिन्यात एकमेकांना भेटायचे.

मी फार लाजरी. आजही आहे. दुकानात पाव मागायचा तर मी बोटानं दाखवायची आणि बोट चुकलं तर जे मिळेल ते घेऊन यायची. पण फ्राउ लेडररांच्या स्वयंपाकघरात मला लाज वाटत नसे. त्या बोलायच्या, मी भांडी पुसायची, आणि असं करता करता दीड वर्षात मला त्यांचं बोलणं बहुतेक कळायला लागलं होतं. त्यांच्या खिडकीबाहेर पक्ष्यांसाठी दाण्याचं छोटं घर टांगलेलं होतं. खिडकीच्या फळीवर एक जुनी, काळी, एकाच डोळ्याला लावायची दुर्बीण असायची. लांबट नळी, आणि खालच्या बाजूला मांजराच्या पंजासारखे दोन लोखंडी पाय. त्या पायांवर ती छान उभी राहायची. कॉफीचा पहिला घोट घेतला की बाई ती डोळ्याला लावायच्या आणि मला पक्ष्यांची नावं सांगायच्या. माझं पहिलं जर्मन हे असं पक्ष्यांचं आहे. भाजीवाल्याकडे कोबीला काय म्हणतात ते मला येत नव्हतं, पण पिवळ्या पोटाच्या, काळ्या डोक्याच्या चिमणीएवढ्या पक्ष्याला कोलमाइजे म्हणतात हे येत होतं.

त्या वर्षी उन्हाळा संपता संपता यांचं हॉटेल बंद पडलं. मालकानं शेवटचे दोन पगार दिले नाहीत आणि एक दिवस दाराला कुलूप दिसलं. दुसऱ्या एका हॉटेलात यांना घ्यायला तयार होते, पण परवान्याचे कागद होईपर्यंत थांबावं लागणार होतं. ते कागद व्हायला पत्ता लागतो. इकडे घराची नोंद नसली की माणूसच नाही, असा हिशोब. म्हणजे घर गेलं तर नोकरी गेली, नोकरी गेली तर देश सुटला. आणि भाडं द्यायला आमच्याकडे काही नव्हतं.

फ्राउ लेडररांनी पहिल्या महिन्याला काहीच म्हटलं नाही. पण त्यांचा पुतण्या, थॉमस, दर रविवारी फोन करायचा. त्या फोन लाउडस्पीकरवर टाकून भांडी घासायच्या, त्यामुळे त्याचं सगळं मला ऐकू यायचं. "टान्टे, तुझी घर तापवायच्या हाइत्सुंगची टाकी रिकामी आहे. तेल कशानं भरणार? इथल्या कंपनीत रोज नवे इंजिनिअर येतायत, खोल्यांसाठी रांगा आहेत. वरच्यांना सांग की आता जा." बाई म्हणायच्या, "या, या, थॉमस," आणि त्यांच्या 'या'चा अर्थ नुसतं 'बरं, बरं' असतो हे माहीत असूनही दर वेळी माझ्या हातातलं फडकं थांबायचं.

मग एका रविवारी त्याच म्हणाल्या, "थॉमस, मी अलॉईसची बंदूक विकते. तेलाचे पैसे येतील, वरचे थंडीभर राहतील."

अलॉईस म्हणजे त्यांचे यजमान. शिकारी होते. ते वारले होते आणि परवाना त्यांचा होता, बाईंचा नव्हता, म्हणून अम्टाकडून, म्हणजे सरकारी कचेरीतून, पत्र आलं होतं: परवाना असलेल्या कुणाला तरी बंदूक द्या, नाही तर आम्ही घेऊन जाऊ आणि मोडीत काढू. बंदूक मूळची लढाईतली, सैन्याची. लढाई संपून बरीच वर्षं झाल्यावर अलॉईसच्या वडिलांनी ती घेतली आणि एका कारागिराकडून शिकारीसाठी बदलून घेतली. पुढचं लाकूड कापलं, नळी हलकी केली, हे केलं, ते केलं. थॉमस फोनवर एकदम खूश झाला. त्याच्या ओळखीच्या कुणीतरी म्हणे लढाईतली बंदूक दोन हजार युरोला विकली होती. "दोन हजार, टान्टे! खरी सैन्याची आहे ना?"

"गेनाऊ," बाई म्हणाल्या. "तुझ्या आजोबांनी शपथेवर सांगितलंय."

दोन हजार हा आकडा मग आमच्या घरात राहायला आला. हे त्यातून तेल वजा करायचे, पावाचे पैसे वजा करायचे, आणि तरी पुष्कळ उरायचं. "अगं, बाई म्हणतात, भाडं जमेल तेव्हा द्या," हे म्हणाले. "थंडी निघाली की आपण तरलो बघ."

"अहो, पण विकली गेली पाहिजे ना," मी म्हटलं.

"दोन हजारांची वस्तू आहे. लोक रांग लावतील."

खंडेनवमी आली. माझे वडील कल्हईवाले होते. चौथीनंतर माझी शाळा सुटली ती त्यांचा भाता ओढायला. गावोगाव फिरायचं, झाडाखाली खड्डा करायचा, भट्टी लावायची. खंडेनवमीला भाता, सांडशी, हातोडी सगळं चिंचेनं आणि राखेनं घासून, हळदकुंकू लावून पाटावर मांडायचं. त्या दिवशी हत्यारांना सुट्टी. आमचे वडील आणखी एक सांगायचे की बाजारात विकायला न्यायची वस्तू मळकी नेली तर गिऱ्हाईक आपल्या तोंडाकडेही बघत नाही. म्हणून आई जुनी परात विकायची असली तरी आधी ती आरशासारखी करायची. हे दोन्ही माझ्या अंगात इतकं मुरलेलं होतं की त्या नवमीला मी यांच्या सुऱ्या आणि तंदूरच्या सळया घेऊन खाली नळावर बसले, चिंचेचा गोळा भिजत घातला, आणि घासायला लागले. चिंच न्युरेम्बर्गच्या दुकानातून आणलेली, महाग, काटकसरीनं वापरायची. पण नवमी वर्षातून एकदा येते.

फ्राउ लेडरर बघत उभ्या होत्या. सळया पांढऱ्याशुभ्र निघाल्या तशा त्या म्हणाल्या, "हे कशासाठी?" मी माझ्या तुटक्या जर्मनमध्ये सांगितलं की आज हत्यारांचा सण आहे. त्या क्षणभर विचारात पडल्या. मग आत गेल्या, कुलपाच्या कपाटाचा आवाज आला, आणि त्या बंदूक घेऊन आल्या. "आल्झो. हीसुद्धा हत्यारच आहे. परवा हेर वाइस तिची किंमत करायला येतोय. हिला तशीच दाखवायची का?" गोळी भरायचा दांडा काढून वेगळ्या डब्यात ठेवलेला होता, म्हणजे ती नुसतं लाकूड आणि लोखंड होती. तरी मी आधी हात लावला नाही. माझ्या बापजन्मात मी बंदुकीला हात लावलेला नव्हता. मग बघितलं तर नळी काळपट निळसर झालेली. मला वाटलं, किती वर्षांचा मळ हा.

घासली. आम्ही दोघींनी घासली. मी चिंचेनं आणि मिठानं, बाईंनी चिंधीनं. दस्त्याच्या लाकडाला त्यांनी जवसाचं तेल चोळलं. तो काळपट थर निघत गेला आणि खालून लोखंड असं उजळलं की फ्राउ लेडररांनी टाळी वाजवली. "नवीन दिसतेय! अलॉईसनं बघायला हवी होती!" मग मी तिला कुंकवाचं बोट लावलं, पाटावर सुऱ्यांच्या शेजारी ठेवली, आणि गुळाखोबऱ्याचा नैवेद्य दाखवला. बाईंनी हात जोडले, मग जरा थांबून आपल्या पद्धतीनं छातीवर क्रूस काढला. दोन्ही देवांना सांगून ठेवलेलं बरं, असं म्हणाल्या. आता इतक्या वर्षांनी मी पुष्कळ सुखाचे दिवस बघितलेत, पण डोक्यावर संकट असताना इतकं हलकं मला पुन्हा कधी वाटलं नाही.

हेर वाइस ठरल्या दिवशी आले. शेजारच्या गावात त्यांचं बंदुकांचं दुकान होतं. जाडजूड, मिशीवाले, आणि कुठल्याही वस्तूला हात लावण्याआधी रुमालानं हात पुसायची सवय. मी कॉफी आणि प्लमचा केक ठेवला आणि दाराशी उभी राहिले. हे कोपऱ्यात खुर्चीच्या टोकावर बसले होते, परीक्षेला बसल्यासारखे. बाईंनी चादर बाजूला केली आणि अभिमानानं बंदूक पुढे ठेवली.

हेर वाइसांनी बंदूक उजेडाकडे फिरवली. मग त्यांनी नळीवरून बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं आणि पुन्हा एकदा नेलं.

"आंबट वास येतोय," ते म्हणाले. "हे कुणी केलं?"

फ्राउ लेडररांनी शाळेतल्या मुलीसारखा हात वर केला. "मी. आणि मंदानं. चिंचेनं."

"चिंच म्हणजे?"

"सॉस करतात त्याचा," बाई म्हणाल्या.

हेर वाइसांनी केकचा तुकडा खाली ठेवला. "मी इतकी वर्षं या धंद्यात आहे. गंजलेल्या बघितल्या, उंदरांनी घर केलेल्या बघितल्या, एकानं तर भिंतीचा रंग दिला होता. पण सॉसमध्ये बुडवलेली आज पहिल्यांदा." मग त्यांनी शांतपणे सांगितलं की तो मळ नव्हता. लोखंडाला गंज लागू नये म्हणून मुद्दाम चढवलेली ती झिलई होती. आंबट लागलं की ती उतरते. आमच्याकडे पितळेच्या भांड्यांत आंबट कळकू नये म्हणून कल्हई करतात. मी कल्हईवाल्याची मुलगी, आणि मीच कल्हई घासून काढली होती. माझे कान गरम झाले. यांनी माझ्याकडे बघितलं आणि पटकन खिडकीबाहेर बघायला लागले. मला वाटलं रागावले. पण त्यांचे खांदे हलत होते. त्या तसल्या वेळेला त्यांना हसू आवरत नव्हतं.

"दोन हजारातून किती कमी होतील?" बाईंनी विचारलं.

"कुठले दोन हजार?"

मग हेर वाइसांनी तिची किंमत कशी करायची ते आम्हाला समजावलं. हातात धरून, एकेक भाग दाखवत. सैन्याच्या जुन्या बंदुकीला मोल असतं ते ती जशीच्या तशी असेल तर. शौकिनांना लढाईतून आली तशी हवी असते, लाकूड पूर्ण, खुणा पूर्ण, एक स्क्रूसुद्धा बदललेला नको. ही तर पन्नास वर्षांपूर्वीच कापली गेली. शौकीन तिच्याकडे वळून बघणार नाही. शिकारी बघेल, पण शिकाऱ्याला आजकाल नवी मिळते, हलकी, पाऊसपाण्यात टिकणारी. "म्हणजे ही इकडचीही नाही, तिकडचीही नाही," ते म्हणाले. त्यांनी नळीला एका टोकाला छोटा दिवा लावून आतून बघितलं आणि मान हलवली. आतून चांगली होती. "घासायच्या आधी मी दीडशे दिले असते. आता झिलई पुन्हा चढवावी लागेल. सत्तर."

सत्तर. सत्तर युरोत टाकीचा तळही भिजला नसता. फ्राउ लेडरर केकच्या ताटलीतला चुरा बोटानं गोळा करत राहिल्या. यांचं हसू गेलं होतं. मला वरच्या आमच्या दोन खोल्या दिसायला लागल्या, आणि त्यांत कुणी उंच इंजिनिअर, छपराला डोकं आपटणारा.

हेर वाइस बंदूक खाली ठेवता ठेवता थांबले. नळीच्या वर, पाठीवर, दोन जागी चौकोनी खाचा होत्या. त्यांनी त्यात नख घातलं. "हे काम साधं नाही. हातानं कोरलंय. इथं दुर्बीण बसत होती, काढघाल करता येणारी. ती कुठे आहे?"

मला लगेच कळलं. खाच बघितली आणि मांजराचे ते पंजे डोळ्यांपुढे आले. मी फ्राउ लेडररांकडे बघितलं. त्यांनी एकदाच स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं आणि नजर पुन्हा ताटलीत घातली. त्यांनाही माहीत होतं. पहिल्यापासून माहीत होतं. मी दारातच उभी होते, खिडकीची फळी माझ्यापासून चार पावलांवर. मी हलले नाही. घर जाईल तर जाऊ दे असं मनात आलं नव्हतं, तेवढी मोठी मी नाही. नुसते पाय उचलले नाहीत.

"हरवली असेल," हेर वाइस म्हणाले. "वाईट झालं."

तेव्हा बाई उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. त्या माझ्या बाजूनं स्वयंपाकघराकडे निघाल्या आणि मला काय झालं कोण जाणे, मी परक्या माणसासमोर मोठ्यानं बोलले. "नाइन, फ्राउ लेडरर. नको. पक्षी."

हे खुर्चीतून अर्धे उठले. माझा एवढा आवाज त्यांनीही ऐकलेला नव्हता.

बाईंनी माझ्या गालावर हात ठेवला, त्याला जवसाच्या तेलाचा वास अजून होता. "पक्ष्यांना थोडंच माहितीय मी त्यांना कशानं बघते," त्या म्हणाल्या, आणि दुर्बीण आणून टेबलावर ठेवली.

हेर वाइसांनी पुन्हा हात पुसले. काचेवर फुंकर मारली, उजेडाकडे धरून बघितली, आत बुरशीचा एक ठिपका नव्हता. मग त्यांनी पंजे खाचेत धरले आणि अलगद दाबले. टक्क. नेमका, गोड आवाज आला. "दुर्बीण चांगल्या घरची आहे," ते म्हणाले. "आणि हे पाय याच बंदुकीत बसतात, दुसऱ्या कुठल्या नाही. एकेकटी विकली तर दोन्ही फुकट. जोडी असेल तर जुन्या कामाची कदर असलेला शिकारी माझ्या ओळखीचा आहे." ते मनाशी पुटपुटले, झिलईचा खर्च वजा केला, माझ्याकडे बघून मिशीत हसले, आणि म्हणाले, "सहाशे ऐंशी. सॉस धरून."

दोन हजार नव्हतेच ते. पण टाकी अर्धी भरली आणि ती थंडी निघायला अर्धी टाकी पुरते हे बाईंना माहीत होतं. त्या रविवारी थॉमसचा फोन आला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "तेल आलं. वरचे वर आहेत." फोन ठेवला आणि मला म्हणाल्या, "आता तुझे डोळे आणायचे सकाळी." तेव्हापासून रोज कॉफीच्या वेळी मी खाली जायची. त्या खुर्चीत बसायच्या, मी खिडकीशी उभी राहायची. "कोण आलंय?" "काळं डोकं, पिवळं पोट." "कोलमाइजे. एकटी?" "दोघं." "भांडतायत?" "नवराबायको असतील," मी म्हणायची, आणि त्या अशा हसायच्या की कॉफी बशीत सांडायची.

पुढच्या हॉटेलाचे कागद थंडी सरता सरता झाले आणि हे कामाला लागले. थकलेलं भाडं आम्ही महिन्याला पन्नास असं द्यायला लागलो. पुढे मलाही थोडं काम करायची परवानगी मिळाली, तेव्हा फ्राउ लेडररांनी माझं नाव चर्चमध्ये सांगितलं. तिथले पितळी दिवे घासायचे. दिवे सांभाळणाऱ्या म्हाताऱ्यानं मला बाजारातली पेस्ट दिली, मी मान हलवली आणि पिशवीतून चिंच काढली. घासण्याआधी खरंच पितळ आहे ना ते दोनदा विचारून घेतलं. आजही विचारते. माझी मुलगी हसते मला, पण ती जन्मायच्या आधीची ही अक्कल आहे, महाग पडलेली.

शेवटचे पन्नास मी चर्चच्या पैशांतून दिले. माझे स्वतःचे. प्लमचे दिवस पुन्हा आले होते, टेबलावर केक होता आणि एक गांधीलमाशी केकभोवती फिरत होती. मी नोट टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "आता सगळे झाले." हे वाक्य मी जिन्यावरून उतरताना जर्मनमध्ये घोकत आले होते. बाईंनी नोट घेतली, हातानं सपाट केली, साखरेच्या भांड्याखाली सरकवली आणि म्हणाल्या, "या, या. झाले." मग खुर्ची खिडकीकडे वळवली.

"कोण आलंय बघ."

मी बघितलं. दाण्याचं घर वाऱ्यानं हलत होतं.

"अजून कुणी नाही."

"मग बस," त्या म्हणाल्या, आणि केकचा मोठा तुकडा माझ्या ताटलीत वाढला.